पाठमोरा माणूस

टीव्हीवर तेच हेलिकॉप्टर सकाळपासून सतराव्यांदा मागे फिरलं, तशी अक्कानं हातातली मटाराची शेंग टोपलीत आपटली.

“बंद करा गं ते. चक्कर येईल त्याला.”

“तो आत झोपलाय, अक्का,” थोरली सून म्हणाली.

“मी हेलिकॉप्टरबद्दल बोलतेय.”

थोरलीनं आवाज बंद केला, चित्र मात्र चालूच ठेवलं. दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं तिचं कालपासून चाललं होतं. अकरा सेकंदांची ती फिल्म. करडा समुद्र, करडी युद्धनौका, आणि डावीकडून येणारं आपलं हेलिकॉप्टर. येतं, येतं, नौकेच्या शेपटापर्यंत येतं, आणि कुणी कान धरून ओढावं तसं एकदम कलून आल्या वाटेनं निघून जातं. फिल्म काढली समोरच्या देशानं, दाखवली त्यांनीच. त्यांची बातम्या देणारी बाई सांगत होती, आमच्या इशाऱ्याला भिऊन पळाले. आपल्याकडचा टायवाला तीच फिल्म दाखवून सांगत होता, आमचा शूर वैमानिक कामगिरी फत्ते करून परतला. म्हैस एकच आणि गवळी दोन!

सकाळी दूधवाल्यानं अक्काचं अभिनंदन केलं होतं. खालच्या मजल्यावरची नर्स मात्र जिन्यात भेटली ती चपलांकडे बघत निघून गेली. अक्काला राग दोघांचाही आला, आणि कुणाचा जास्त आला ते तिला ठरवता येईना.

शूर वैमानिक म्हणजे भुंगा. अक्काचा नातू, थोरल्याचा एकुलता एक. लहानपणी हात पसरून घूं घूं करत घरभर फिरायचा म्हणून भुंगा. आता सव्वीस वर्षांचा झाला, विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टर उडवायला लागला, तरी घरात भुंगाच. शुक्रवारी त्याला जहाजावरून उतरवून घरी पाठवलं होतं. सोमवारी दहाला चौकशी. येताना स्वतःच्या हातानं लिहिलेला जबाब आणायचा: सांगितलेला फेरा पुरा न करता का फिरलो. जबाब पटला नाही तर उडणं कायमचं बंद. आणि रविवारची दुपार झाली तरी पोरानं त्या कागदावर तारखेखेरीज काही लिहिलं नव्हतं.

त्या पाण्याचं भांडण अक्काला कुणी समजावून द्यावं लागलं नव्हतं. दोन्ही देश म्हणतात समुद्राचं एवढं पाणी माझं, आणि राहत तिथे कुणीच नाही. मग एकानं आपलं जहाज तिथे उभं करायचं, दुसऱ्यानं त्याच्याभोवती आपलं हेलिकॉप्टर फिरवून आणायचं. गोळी झाडायची नाही, फक्त दिसायचं. अक्कानं हेच राज्य पन्नास वर्षं चालवलं होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर वेताची एक छडी टांगलेली असे. दोन मुलं, दोन सुना, एक नातू, एवढे सगळे त्या छडीखालून गेले, आणि छडी एकदाही खिळ्यावरून खाली उतरली नाही. एकदा उतरली असती तर सगळ्यांना कळलं असतं की ती किती हलकी आहे.

शाळा तिची तिसरीपर्यंत. पुढे एकतीस वर्षं नौदलाच्या तळावरच्या पॅराशूटच्या खोलीत घड्या घातल्या. वर जाणाऱ्याच्या पाठीवर बांधायचं ते कापड, त्याची एक दोरी वाकडी गेली तर माणूस गेला. ज्यानं घडी घातली त्यानंच कार्डावर सही करायची, असा तिथला नियम. अक्काची सही म्हणजे एक अक्षर आणि त्याखाली आडवी रेघ. पण त्या रेघेखाली नऊ माणसं जिवंत खाली आली होती, आणि शिकलेल्या लोकांच्या लांबलचक सह्या बघितल्या की ती मुद्दाम विचारायची, “तुमच्या सहीनं किती उतरले?”

जिन्यात पावलं वाजली. अक्कानं न बघता ओळखलं. “धाकटा आला. पाय ओढतोय, म्हणजे बायकोनं आणलाय.”

खरंच होतं. गच्चीवरच्या खोलीवरून दोघा भावांचं वाजलं त्याला आता चौदा महिने होत आले होते. तेव्हापासून धाकटा पलीकडच्या इमारतीतून अक्काला भेटायला यायचा तो भाऊ बाहेर गेल्याची खात्री करून. आज मात्र धाकटी पुढे आणि तो मागे, हातात मोसंब्यांची पिशवी, जणू कुणी आजारी आहे.

“बस,” अक्का म्हणाली. “तुला तुझ्या भावानं बोलावलंय. का, ते मला सांगितलेलं नाही. म्हणजे काहीतरी घाण असणार.”

थोरला बाल्कनीतून आत आला. बत्तीस वर्षं जहाजाच्या डेकवर पिवळं जॅकेट घालून, कानांवर डबे लावून उभा राहिलेला माणूस. पंख्यांच्या त्या गोंगाटात शब्द पोचत नाहीत, म्हणून तो उतरणाऱ्या हेलिकॉप्टरांशी हातांनी बोलायचा. ये, सावकाश, डावीकडे, थांब, टेक. तो निवृत्त झाला, पण हात निवृत्त झाले नाहीत. जेवायला या, दार लावा, दिवा घालवा, सगळं हातांनीच. अक्का म्हणायची, “चांगला बोलका जन्माला घातला होता, सरकारनं मुका करून परत दिला.” आताही त्यानं भावाला खुर्ची दाखवली ती दोन्ही तळव्यांनी, जणू दहा टनांचं यंत्र उतरवतोय.

धाकटा बसला. चौदा महिन्यांत प्रथमच दोघांचे गुडघे एका टेबलाखाली आले.

“त्या दिवशी ते हेलिकॉप्टर जहाजावर पाठवण्याआधी तपासलं कुणी होतं?” थोरल्यानं विचारलं.

“मी,” धाकटा म्हणाला. तो तळावरच्या हँगरमध्ये मेकॅनिक होता. “माझीच सही आहे. का?”

“उंची दाखवणारा काटा?”

“तोही मीच. अरे, का?”

थोरल्यानं खिडकीकडे बघत सांगून टाकलं. “जबाबात लिहायचं, काटा अडकला. उंची कळेना, म्हणून फिरलो. शहाण्या वैमानिकानं हेच करायचं असतं. पोराचं उडणं वाचतं.”

“आणि माझं काय वाचतं?”

“तुझी तीन वर्षं राहिलीत. फार तर लवकर घरी बसवतील.”

“फार तर!” धाकटा उठला तशी खुर्ची मागे पडली. “अक्का, ऐकलंस? माझ्या सहीवर काटा अडकवतोय हा! गच्चीची खोली पुरली नाही, आता माझा हँगर हवा!”

“खोलीचं आता काढू नकोस.”

“तू बोलावलंस म्हणून आलो! मला वाटलं, चला, पोराच्या निमित्तानं का होईना...”

तो तिथेच थांबला. खरं म्हणजे वाक्य संपवण्याआधीच त्याच्या मनात एक पाल चुकचुकून गेली होती. काटा तपासला होता ना? गुरुवार होता. नळीवरची टोपी काढली, दाब कमी केला, काटा चढला, उतरला. उतरला ना पुरता? की कुणी चहाला हाक मारली आणि...? त्यानं सही केलेली त्याला स्पष्ट आठवत होती. काटा उतरलेला मात्र, जितका आठवायला जावं तितका, वरच अडकून बसत होता. निर्दोष माणसाला अर्धा तास दोषी म्हटलं की उरलेलं काम तो स्वतःच करतो.

“लिहू दे त्याला,” धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आग लावायची तर ती फक्त थोरलीच्या शेपटीला, असा धाकटीचा लौकिक.

“काय म्हणालीस?” धाकट्यानं विचारलं.

“लिहू दे म्हटलं. तुमची काय, तीन वर्षं. त्याचा जन्म जायचाय. मी त्याला या कडेवर वाढवलाय, वहिनी कामावर जायच्या तेव्हा. मला दुसरं कोण आहे?”

“माझ्या सहीवर तू...”

“तुमची सही काय चाटायचीय?”

आणि मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. थोरली सून टीव्हीसमोरून उठली आणि दिराच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “काट्याचं काही लिहायचं नाही. भावजींच्या नोकरीवर माझा मुलगा उडणार नाही.”

“तू गप्प बस,” थोरला म्हणाला.

“नाही बसणार. बंद होऊ दे उडणं! एकदाचं बंद होऊ दे. बत्तीस वर्षं तुमची वाट बघितली, चार वर्षं त्याची. आता देवानं कान धरून फिरवलंय त्याला, तर तुम्ही पुन्हा ढकलताय.”

अक्कानं टोपली बाजूला सारली. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. बापाला पोर वर हवं, आईला खाली. काकाला सही हवी, काकूला पोर. काल एकमेकांच्या जिवावर उठलेले आज एकमेकांच्या बाजूला, आणि नवराबायको समोरासमोर. तिनं सवयीनं दारावरच्या छडीकडे बघितलं. पण छडीही आज कुणावर उगारायची ते ठरेना.

“झालं का?” ती म्हणाली. “काय लिहायचं त्यावर एवढे भांडलात. काय झालं ते त्याला विचारलंत का कुणी?”

तिनं थोरल्याकडे बोट केलं.

“तीन दिवस पोर घरात आहे. तू बाप, विचारलंस?”

“विचारून काय,” थोरला पुटपुटला. “फिल्म आहे ना.”

“फिल्मनं काय सांगितलं? एकीकडे पळाला, एकीकडे जिंकला. घाबरलास बघ तू. पोरगा भ्याला असेल तर, म्हणून विचारलं नाहीस.” तिनं आतल्या दाराकडे तोंड केलं. “भुंग्या! झोपेचं सोंग पुरे. ये बाहेर.”

भुंगा लगेच आला. अंगावर कालचाच सदरा, हातात तोच कागद, तारखेचा. दाढी वाढलेली, पण चेहरा असा की शाळेतून चिठ्ठी घेऊन आलाय.

“का फिरलास?” अक्कानं विचारलं.

“अक्का, ते सांगण्यासारखं नाही.”

“सरकारी गुपित?”

“नाही. लाज वाटते.”

“मला एकाहत्तर वर्षं लाज वाटतेय, ह्यांच्यात राहून. सांग.”

तो भिंतीला टेकला. “हुकूम होता, नौकेला एक फेरा घालायचा. जवळून, सावकाश. आपण आहोत एवढं दिसलं पाहिजे. मागच्या बाजूनं आलो. त्यांच्या डेकवर त्यांचं हेलिकॉप्टर उभं होतं, पंखे फिरत होते. भीती नव्हती वाटत. शपथ, काका. काटा बरोबर होता, मी दोनदा बघितला.”

धाकट्यानं इतका मोठा श्वास सोडला की मोसंब्यांची पिशवी हलली.

“मग?”

“मग डेकवरच्या पिवळ्या जॅकेटवाल्यानं हात वर केले.” भुंग्यानं बापाकडे बघितलं नाही. “दोन्ही हात डोक्यावर, फुली. पुन्हा फुली. मी विचार केलाच नाही. मला वाटायच्या आत हातानं हेलिकॉप्टर फिरवलं होतं. शेजारचा वैमानिक ओरडला, काय करतोयस? तेव्हा मला कळलं, मी फिरलोय.”

खोलीत टीव्हीवरचं हेलिकॉप्टर आवाज न करता मागे फिरलं.

डोक्यावर फुली म्हणजे परत फीर, विचारू नकोस. या घरात ती सगळ्यांना ठाऊक होती. भुंगा सहा वर्षांचा असताना चेंडूमागे फाटकाबाहेर धावला होता, आणि वळणावरून सिमेंटचा ट्रक येत होता. हाक पोचली नसती. थोरल्यानं बाल्कनीतून फुली केली, आणि पोराची सहज वर नजर गेली. पाय जागच्या जागी फिरले. ट्रक चेंडूवरून गेला. त्या दिवसापासून घरात नियम: फुली दिसली की आधी फिरायचं, मग कारण.

“म्हणजे मी...” थोरला म्हणाला.

“त्यांच्या माणसानं हात केला आणि मी तुमचं ऐकलं, बाबा. हे कसं लिहू?”

धाकटी फिसकन हसली, मग तिनं पदर तोंडात कोंबला, आणि मग ती रडतेय असं सगळ्यांच्या लक्षात आलं.

थोरला मात्र वेगळ्याच तंद्रीत होता. बाप बाजूला राहिला आणि डेकवरचा माणूस पुढे आला. त्यानं पोराचा खांदा धरून त्याला खोलीच्या मध्ये उभं केलं. “दाखव. जसा दिसला तसा.”

भुंग्यानं हात वर केले.

“तोंड कुणाकडे होतं त्याचं?”

“म्हणजे?”

“त्याचं तोंड! ज्याच्याकडे तोंड त्याच्यासाठी हात, पहिला धडा आहे तो. तुला चेहरा दिसला?”

भुंग्याचे हात तसेच वर राहिले. तो डोळे मिटून कुठेतरी बघत होता. “नाही,” तो हळूच म्हणाला. “पाठ. जॅकेटवरचा आकडा दिसला मला. चार.”

“मग तो तुझ्याशी बोलतच नव्हता.” थोरल्याचे हात आपोआप हवेत चालायला लागले. “हे त्यांचं हेलिकॉप्टर, हा तो, हा तू मागून. पंखे फिरतायत, म्हणजे उडायच्या बेतात. तुला अडवायलाच निघालं असणार. आणि हा फुली करतोय. स्वतःच्याच माणसाला थांबवतोय रे! जाऊ नकोस वर, म्हणतोय.”

“त्यानं त्यांना थांबवलं,” भुंगा म्हणाला, “आणि थांबलो मी.”

“ते उडालं?”

“नाही.”

सगळे जण त्या न उडालेल्या हेलिकॉप्टरकडे बघत बसले, जणू ते टेबलावर मटाराच्या सालांत उभं होतं.

“थांबा,” अक्का म्हणाली. “मी अडाणी बाई, मला नीट सांगा. त्यांचा माणूस आपल्या हेलिकॉप्टरला बघून त्यांच्या हेलिकॉप्टरला म्हणाला, जाऊ नको. आणि ते बघून आपलं हेलिकॉप्टर परत आलं. तर मग कोण कुणाला भ्यालं?”

धाकट्यानं मोसंबं उचललं आणि परत ठेवलं.

“कळत नाही, अक्का,” भुंगा म्हणाला. “कदाचित तोही फिल्म बघून तेच विचारत असेल.”

“आणि फिरला नसतास तर?” अक्कानं विचारलं.

“फेरा पुरा झाला असता. नाहीतर ते वर आलं असतं, आणि... मला खरंच कळत नाही.”

थोरली सून मुलाजवळ गेली, पण त्याला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. “लिहू नकोस हे,” ती म्हणाली. मघाशी उडणं बंद होऊ दे म्हणणारी बाई. “हसतील रे तुला. भित्रा म्हटलेलं परवडेल. बापाचे हात दिसले म्हणून फिरला, असं म्हटलेलं नाही परवडणार.”

“मग काटाच लिहा की,” धाकटा अचानक म्हणाला. त्याचा स्वर पार बदलला होता. “लिही, भुंग्या. काकानं तपासला नाही म्हणून लिही. माझ्या सहीला काय सोनं लागलंय?”

“आता तू म्हणतोस?” थोरला त्याच्यावरच उखडला. “आता कशाला लिहायचं? तुझा काटा बरोबर होता! ठणठणीत होता! माझ्या पोराच्या जिवासाठी माझ्या भावाला खोटा पाडू?”

“मघाशी पाडत होतास!”

“मघाशी मला माहीत नव्हतं!”

“मेल्यांनो,” अक्का म्हणाली, “भांडणाची बाजू तरी एक दिवस धरून ठेवत चला. मी कुणाला शिव्या घालू?”

ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. टेबल फडक्यानं पुसलं. भुंग्याच्या हातातला कागद घेऊन तिथे ठेवला, चारी कोपरे तळव्यानं दाबून सरळ केले, जसं ती कापड करायची.

“आमच्या खोलीत एक बाई होती,” ती म्हणाली. “तिची घडी चुकली की दुसरीच्या कार्डावर ढकलायची. एकदा चुकलेली घडी वर गेली. माणूस वाचला, पाय गेले. कार्ड काढलं तर सही भलतीचीच. जिची सही होती ती जन्मभर रडली. जिची घडी होती तिला झोप लागायची की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही.” तिनं पेन भुंग्यापुढे ठेवलं. “फिरवलं कुणाच्या हातानं? तुझ्या. मग तुझ्या हातानं लिही. काट्याचं नाव नको, काकाचं नको. पाठ होती, तेही लिही. त्यांचं हेलिकॉप्टर उडालं नाही, तेही. मोठ्या लोकांना कळतं तर कळेल.”

“आणि नाही कळलं तर?” थोरलीनं विचारलं.

“मला कुठे कळलंय?” अक्का म्हणाली.

भुंगा लिहायला बसला. चार ओळी लिहून थांबला. “बाबांचं लिहू? लहानपणीचं?”

अक्का उत्तर देण्याआधी थोरल्यानंच मान डोलावली. “लिही. ती घडी माझी आहे.”

सोमवारी सकाळी साडेआठला तळाची गाडी आली आणि रस्त्यापलीकडे उभी राहिली. भुंगा पांढऱ्या गणवेशात खाली उतरला, बगलेत पाकीट. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत सगळे उभे होते. धाकटा आणि धाकटीसुद्धा. ते रात्री इथेच राहिले होते, आणि त्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

फाटकाशी जाऊन भुंगा थांबला. वळला, आणि वर बघितलं.

बाप घरी असला की शाळेत जाताना तो रोज असाच थांबायचा. रस्ता मोकळा आहे, जा, असा वरून बापाचा हात आला की मग निघायचं. अक्कानं थोरल्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात कठड्यावरून उठले होते, छातीपर्यंत आले होते. तिथून ते पुढे जातील की डोक्यावर जातील, ते त्यालाही माहीत नसावं.

“परत बोलवा,” थोरली कुजबुजली.

“जा म्हणावं त्याला,” धाकटी म्हणाली. “उशीर होतोय.”

थोरल्यानं हात खाली घेतले आणि पँटच्या खिशात घातले.

“अरे, दाखव की काहीतरी,” अक्का म्हणाली. “पोर उभं आहे.”

“नाही.”

“तो हलणार नाही!”

“नाही, अक्का.”

खाली भुंगा उभाच होता. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. भुंग्यानं वर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्याचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला. मग त्यानं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. रस्ता रिकामा होता. तरीही तो थोडा थांबला. आणि मग त्यानं रस्ता ओलांडला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

“बरोबर केलंस की चुकलास?” अक्कानं विचारलं.

“मला नाही माहीत,” थोरला म्हणाला.

त्याचे हात अजून खिशातच होते. पण कापडाच्या आत ते हलत होते, आणि ये म्हणतायत की जा म्हणतायत, ते अक्काला काही केल्या ओळखता येईना.